लोकलची भीती: टाळाटाळ मोडून काढतानाच्या नोंदी (एप्रिल ते ऑक्टोबर २०२४)

काम काय आहे ते आधी सांगते. डोंबिवली ते दादर, फास्ट लोकलने, गर्दीच्या वेळी, एकटीने, दारापासून लांब. लाखो बायका रोज करतात तेवढंच. मला ते दीड वर्ष जमत नव्हतं, आणि न करण्याची व्यवस्था मी इतकी चोख लावली होती की घरात कुणाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. लोकलच्या जागी लिफ्ट, घाटातली गाडी, कुत्रा, पाल, ज्याचं जे असेल ते घाला. अशाच कुठल्या कामाला हात घालणाऱ्यांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी, नंतर कळलेलं मधेमधे घालून.

३ एप्रिल, बुधवार

ठाण्याला समुपदेशक मॅडमकडे पहिली भेट. तासाचे दीड हजार. त्याआधी डॉक्टरकडे थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि ईसीजी झाला होता, सगळं ठीक. हे आधी उरकून घ्या. थायरॉइड वाढलेलं असलं तरी अशीच धडधड होते, असाच घाम फुटतो.

घरचा अभ्यास मिळाला: "भीती कशी वाटते ते लिहू नका. काय काय सोडलंत ते लिहा, महिन्यांच्या अंदाजाने."

लिहिलं ते असं. ऑक्टोबर २०२२, मुलुंड आणि घाटकोपरच्या मध्ये फास्ट थांबली. छाती धडधडली, बोटं बधिर झाली, आता इथेच पडणार असं वाटलं. पडले नाही. घाटकोपरला उतरून बाकड्यावर टेकले आणि पाच मिनिटांत सगळं ओसरलं. नोव्हेंबरपासून फास्ट बंद, स्लो सुरू. दर दोन-चार मिनिटांनी स्टेशन येतं, कधीही उतरता येतं. जानेवारीपासून स्लोमध्येही आत जाणं बंद, फक्त दाराशी. मार्चपासून नवऱ्याबरोबरच. मग आठवड्यातून दोन दिवस घरून काम, मग तीन. उरलेल्या दिवशी कॅब, एका वेळचे नऊशे ते बाराशे. तेवढ्यात महिन्याचा पास निघून वर पैसे उरतात. गिरगावात मामेबहिणीचं लग्न होतं, पित्त झालंय असं कळवलं. नाट्यगृहात कडेचीच खुर्ची. शेवटी आमच्या बिल्डिंगची लिफ्टसुद्धा, व्यायामाच्या नावाखाली.

यादी वाचताना दोन गोष्टी दिसल्या. प्रत्येक माघारीनंतर महिना-दोन महिने खरोखरच बरे गेले. आणि पुढची माघार प्रत्येक वेळी आधीपेक्षा सोप्या गोष्टीवरून होती. फास्टची भीती वाटणारी बाई दीड वर्षात चार मजल्यांच्या लिफ्टला घाबरायला लागली, आणि मधल्या काळात लिफ्टने तिचं काहीही वाकडं केलं नव्हतं.

मॅडमचं बोट घाटकोपरच्या बाकड्यावर. "तिथे जे हायसं वाटलं ना, ते तुमच्या डोक्याने उतरण्याच्या खात्यात जमा केलं. गाडीत बसून राहिला असता तरी ते ओसरलंच असतं, पण ते बघायची संधीच डोक्याला मिळाली नाही."

९ एप्रिल, गुढीपाडवा

श्रीखंड खाऊन शिडी लिहायला बसले, म्हणजे भीतीच्या पायऱ्यांची यादी, सोप्यापासून अवघडापर्यंत. वोल्पे नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाची ० ते १०० मोजणी वापरायची: ० म्हणजे निवांत, १०० म्हणजे याहून वाईट काही नाही. दुपारची स्लो, एक स्टेशन: ४०. स्लोने ठाणे, आत उभं राहून: ६०. फास्टने दादर, सकाळी साडेआठच्या सुमारास: ९५. एसी लोकल, जिची दारं स्टेशनाशिवाय उघडत नाहीत: १००, आणि शेजारी "हे नकोच" असा शेरा.

वहीत रकाने: तारीख, गाडी, निघण्याआधीचं भाकीत, प्रत्यक्षात काय झालं, आकडा. भाकिताच्या रकान्याला मी तेव्हा काही किंमत दिली नव्हती.

१५ एप्रिल, सोमवार

शिडी बाजूला ठेवून थेट सकाळची फास्ट धरली. एकदा काय ते होऊन जाऊ दे, हा विचार. दिवा मागे पडेपर्यंत आकडा ९०, मुंब्र्याला १००. ठाण्याला अक्षरशः ढकलत बाहेर पडले, पुढे कॅब. हायसं वाटलं, अर्थातच.

१६ एप्रिल

आज नुसत्या फलाटावर ८०. इंडिकेटर बघूनच पोटात गोळा. घरून काम.

काल भीती ऐन चढत असताना गाडीतून उतरले, म्हणजे घाटकोपरचा धडा पुन्हा गिरवला आणि आणखी पक्का केला. हे निस्तरण्यात दोन आठवडे गेले. नवीन करणाऱ्यांना सांगणं एवढंच की पहिली पायरी अशी निवडा, जिच्यावर तुम्ही शेवटपर्यंत थांबाल. किती मोठी उडी मारली याला काही भाव नाही.

२ मे

डोंबिवली–ठाकुर्ली, ठाकुर्ली–डोंबिवली. दुपारी, रिकाम्या स्लोमध्ये. उतरायचं, जिना चढायचा, परत. ठाकुर्लीच्या फलाटावरच्या चहावाल्याला मी तिकीट तपासनीस वाटले असावे. आकडा ४५ वरून सुरू झाला आणि तिथेच घुटमळत राहिला. मग एका फेरीत आपण भाजी कुठली घ्यायची याचा विचार करतोय हे लक्षात आलं. मॅडमच्या मते कंटाळा येणं हेच चांगलं लक्षण.

१४ मे, मंगळवार

कालच्या वादळात घाटकोपरला होर्डिंग कोसळून माणसं गेली, मध्य रेल्वेही विस्कळीत झाली. मी घरी होते. आतून आवाज आला: पाहिलंस? तू म्हणतच होतीस. दिवसभर बातम्या लावून ठेवल्या, आणि रात्री स्लोचीही भीती ७० वर.

ऑफिसातली मैत्रीण काल गाडीत अडकली होती. तिला फोन केला. "बराच वेळ अडकलात. काय केलंत गं?"

"काय करणार? पाय दुखले, मोबाइल संपला. एकीकडे भडंग होतं, ते खाल्लं."

भेटीत मॅडमनी भाकिताच्या रकान्यावर पेन टेकवलं. मी सगळीकडे "गाडी थांबेल" असं लिहिलं होतं. "हे भाकीत खरंच ठरणार, लोकल थांबतेच. गाडी थांबल्यावर तुमचं काय होईल ते लिहा." मग खरं लिहिलं: मी बेशुद्ध पडेन, बायका ओरडतील, कुणी उतरू देणार नाही. यातलं काही झालं की नाही, हे तपासता येतं. भडंग खाणाऱ्या बायका या भाकितात कुठेच नव्हत्या.

४ जून, मंगळवार

३१ मे ते २ जून ठाण्याला फलाट रुंद करण्यासाठी ६३ तासांचा ब्लॉक. गरज नसेल तर प्रवास टाळा, असं रेल्वेच सांगत होती. मला आयतीच रजाचिठ्ठी मिळाली. शुक्रवारी घरी राहणं योग्यच होतं. सोमवारी ब्लॉक संपला होता, तरी "आज गर्दी उसळेल" म्हणून घरी राहिले, आणि यात कुणालाच काही गैर वाटलं नाही, नवऱ्यालाही. सबब सच्ची असली की तिच्या आडून टाळाटाळ फार आरामात निघून जाते. आता नियम केलाय: सबब संपल्याच्या पहिल्या दिवशी जायचं, दुसऱ्या नाही.

आज गेले. लोकसभेचा निकाल असल्यामुळे डब्यातल्या निम्म्या बायकांची डोकी मोबाइलमध्ये. स्लोने ठाणे, ५५.

१९ जून

अडकलेय. गेले दोन आठवडे ठाण्यापर्यंत नियमाने जाते, पण आकडा ५० च्या खाली यायला तयार नाही. मॅडमना म्हटलं, यंत्रच बिघडलंय. त्या म्हणाल्या, पर्स इथे टेबलावर रिकामी करा.

निघालं ते: पाण्याची लिटरची बाटली. लिंबाच्या गोळ्या. फॅमिली डॉक्टरांनी "अगदीच वाटलं तर" म्हणून दिलेल्या गोळीची पट्टी, एकही न फोडलेली, कोपरे गोल झालेली. पॉवर बँक. कापराची डबी (ही सासूबाईंची). फोनवर नवऱ्याला चालू ठेवलेलं लाइव्ह लोकेशन. शिवाय पर्समध्ये न मावणाऱ्या गोष्टी: दारापासून हात पोचेल एवढ्याच अंतरावर उभं राहणं, हँडल घट्ट धरणं, दर स्टेशनावर आता उतरता येईल असं मनात म्हणणं, नाडी मोजणं.

मी गाडीत जात होते आणि गाडीतच टाळत होते. पडले नाही याचं श्रेय दर फेरीला बाटलीला जात होतं, हँडलला जात होतं, न घेतलेल्या गोळीला जात होतं. हे पुस्तकांत जुनं आहे म्हणे. साल्कोव्हस्किस या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये हेच मांडलं होतं, की अशा बारीकसारीक बचावामुळे भाकीत खोटं ठरल्याचं माणसाला कळतच नाही. मला कळायला कापराची डबी लागली.

श्वास मोजण्याचंही तेच. चार मोजून आत, सहा मोजून बाहेर असं मी शिकले होते, आणि ते वाईट नाही. पण "श्वास मोजला नाही तर मेलेच" अशी त्याची गत झाली होती. तेही यादीत.

एकेक काढायचं ठरलं. गोळीची पट्टी कपाटात ठेवण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना विचारलं, कारण हा निर्णय आपल्या मनाने घ्यायचा नसतो. रोजची औषधं चालू असतील तर ती वेगळी गोष्ट, त्यांना हात लावू नका.

२६ जून

बाटलीवरून घरात वाद. "पावसाळा असला म्हणून काय, पाणी नको का?" असं सासूबाईंचं म्हणणं, आणि ते चूक नव्हतं. तोडगा: बाटली डब्याच्या पिशवीत तळाशी, ऑफिसात उघडायची.

लोकेशन बंद करणं मात्र सगळ्यात जड गेलं, आणि ते माझ्यापेक्षा नवऱ्याला जास्त. दर अर्ध्या तासाने त्याचं "पोचलीस का?" यायचं. प्रेमाने यायचं, पण मेसेज वाजला की आकडा दहाने चढायचा, कारण त्याचा अर्थ मी लावायचे: म्हणजे यालाही वाटतंय काहीतरी होईल. त्याला एका भेटीला नेलं. मॅडमनी त्याला सरळ सांगितलं, "तुम्ही त्यांना सोडायला जाता तेव्हा तुमच्याही जिवाला बरं वाटतं ना? तेच सोडायचंय." तो दिवसभर गप्प होता. रात्री म्हणाला, "संध्याकाळी सातपर्यंत मेसेज करणार नाही. पण मग मी काय करू?" वेळ जायला तो त्या काळात बाल्कनीतल्या कुंड्या रंगवत बसला.

बाटली, गोळ्या, हँडल, लोकेशन गेल्यावर पहिल्या आठवड्यात आकडे वर गेले, ५० चे ७५. दुसऱ्या आठवड्यात उतरायला लागले, आणि या वेळी ५० वर थांबले नाहीत.

८ जुलै, सोमवार

मध्यरात्रीनंतर मुंबईत सहा तासांत कुठे कुठे ३०० मिलिमीटरवर पाऊस. रूळ पाण्याखाली, गाड्या बंद. आज घरी, आणि ही टाळाटाळ नव्हे.

२९ जुलै

पावसानंतर धाकट्याचा ताप, मग माझा. तीन आठवड्यांचा खंड पडला आणि आज स्लोमध्ये पुन्हा ६५. रडू आलं. मात्र तिसऱ्या फेरीला ३५. एप्रिलमध्ये एवढ्या उतरणीला महिना लागला होता. खंड पडला की भीती परत डोकं वर काढते, हे गृहीतच धरा.

५ ऑगस्ट

नवीन काम: भीतीची लक्षणं मुद्दाम आणायची. चार मजले धावत चढून धडधड, फिरत्या खुर्चीवर गरगर, बारीक स्ट्रॉने श्वास घेऊन गुदमर. दमा, हृदयाचा त्रास, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका. मुलं हसून लोळली. घरात दोन दिवसांत सवयीचं झालं, मग जिने चढून लगेच फलाटावर.

चक्कर येऊन पडण्याचं भाकीत याच सुमाराला ढिलं पडलं. घबराटीत रक्तदाब सहसा वाढतो. शुद्ध हरपते ती तो एकदम पडल्यावर. अपवाद रक्त आणि सुईच्या भीतीचा. माझी नणंद रक्त तपासायला गेली की खरंच कोसळते, कारण तिथे आधी वर गेलेला दाब झपकन खाली येतो. तिला सैल सोडायला सांगून उपयोग नाही. हातपायांचे स्नायू आवळून दाब वर ठेवायला शिकवतात. तेव्हा माझी वही तिने जशीच्या तशी उचलू नये, हेही तिला सांगून ठेवलंय.

२१ ऑगस्ट, बुधवार

दादरहून संध्याकाळची फास्ट. मॅडमनी दिलेली पायरी: आत शिरून खिडकीची जागा मिळवायची. ती सगळ्यांना हवी असते, मला सोडून. कारण खिडकीतून बाहेर पडायचं तर शेजारच्या तिघी, समोरच्या चौघी आणि मधल्या उभ्या रांगेला ओलांडून यावं लागतं.

भाकीत: गाडी मध्येच थांबेल, माझा चेहरा बघून सगळ्यांना कळेल, गोंधळ होईल.

मिळाली जागा. कुर्ल्याच्या अलीकडे गाडी थांबली. पंखा चालू, तरी हवा लागेना. समोरच्या बाईच्या गुडघ्याला माझे गुडघे टेकलेले, डोक्यावर कुणाच्या तरी ओल्या छत्रीचे थेंब. ८५. हात मांडीवर उघडे ठेवले, काही धरलं नाही, स्टेशन मोजलं नाही. घाम मानेवरून पाठीत उतरताना कळत होता. एवढ्यात चौथ्या सीटवरची वाकली आणि थेट माझ्याकडे बघत बोलली. मला वाटलं, आलं, कळलं हिला.

"ताई, ठाणा?"

"डोंबिवली."

तिने तोंड वाकडं केलं आणि माझ्या शेजारणीला विचारलं. तीही डोंबिवली. मग समोरची, तिचं घाटकोपर निघालं, आणि ती उतरली की जागा हिची, असा त्या दोघींचा सौदा ठरला. माझ्या मरणप्राय चेहऱ्यात तिला फक्त रिकामी न होणारी सीट दिसली होती. हसू आलं ते दाबावं लागलं.

गाडी किती वेळ थांबली ते बघितलं नाही. ठाण्याला आकडा ३०. प्रत्यक्षाच्या रकान्यात लिहिलं: कुणालाही कळलं नाही, सीट हवी होती.

१८ सप्टेंबर

काल विसर्जन. गर्दीचं निमित्त पुढे करून दहा दिवस सहज काढता आले असते. उलट गिरगावात त्या मामेबहिणीकडे गणपतीला जाऊन आले. पित्ताचा विषय तिनेच काढला.

आज एसी लोकल, ठाणे ते डोंबिवली. दारं सरकून बंद झाली तेव्हा ८०. मुंब्र्याला ६०, उतरताना ५५. शेजारच्या मुलीला बोलण्यात गुंतवून ठेवलं, तेव्हा ही फेरी पूर्ण धरत नाही. पुन्हा करायची, न बोलता.

६ ऑक्टोबर, रविवार

हिशेब. मॅडमच्या भेटी आणि तपासण्या मिळून तीस हजारांच्या आतबाहेर. कॅबवर त्याच्या कितीतरी पट आधीच घालवले होते. एवढं परवडणारं नसेल तर सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा आहे, १४४१६, मोफत, मराठीत बोलता येतं. सुरुवात कुठून करायची हे तिथे विचारता येईल.

सध्याचा प्रकार असा: फास्टने दादर, रोज, २० ते ४०. कधी विनाकारण ६० होतो. तो झाला म्हणून दुसऱ्या दिवशीची गाडी बदलायची नाही, एवढंच पाळते. लिफ्ट सुरू. एसी लोकल गप्प राहून झाली, पण अजून ५० च्या खाली नाही. नाटकाला मधली खुर्ची मागितली तर नवऱ्याने आधीच कडेच्या काढून ठेवलेल्या, सवयीने.

उद्यापासून आरे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) भुयारी मेट्रो लोकांसाठी सुरू होतेय. शेवटपर्यंतचं तिकीट ५० रुपये. शिडीला जोडली: ९०. भाकीत: बोगद्यात थांबेल, दार उघडणार नाही, मी दारावर हात आपटेन. पुढच्या शनिवारी, एकटी.